मुलींच्या घराची आतली मांडणी

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ह्या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणाचे महत्त्व, पालकांची कर्तव्ये, शिष्यवृत्त्यांचे अर्ज ह्यांविषयी बोलले जाते. मी मात्र खाटा, टेबले, दिवे आणि जिने ह्यांविषयी बोलणार आहे, आणि तेही अमेरिकेतल्या. त्याला कारण आहे. आपल्या संस्थेने मुलींसाठी वसतिगृह बांधावयाचे ठरविले आहे. भिंती उभ्या राहतील तेव्हा राहतील. पण आत काय ठेवावयाचे ह्यावरून आत्ताच दोन तट पडले आहेत. काहींचे म्हणणे असे की पुढच्या बाजूला एक चांगला सजविलेला दिवाणखाना हवा. देणगीदार येतात, पाहुणे येतात, संस्थेची शोभा दिसली पाहिजे. दुसरे म्हणतात, एक लांब खोली, ओळीने खाटा, प्रत्येकीला एक ट्रंक आणि बाहेर भक्कम फाटक, एवढे पुष्कळ झाले. दोन्ही बाजूंची माणसे भली आहेत. पण दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट मला ऐकू येत नाही, ती म्हणजे त्या घरात मुलगी दिवसभर करणार काय. म्हणून, ज्या देशात मुलींनी स्वतःची अशी घरे शंभराहून अधिक वर्षे चालविली, तिथे ती आतून कशी मांडतात हे आपण पाहू.

अमेरिकेतील विद्यापीठांत ‘सोरॉरिटी’ नावाची मंडळे असतात. लॅटिनमध्ये ‘सोरॉर’ म्हणजे बहीण. तेव्हा आपण त्यांना भगिनीमंडळ म्हणू. त्यांची नावे ग्रीक अक्षरांची असतात, म्हणून ऐकताना गणिताच्या तासाला बसल्यासारखे वाटते. 1851 साली जॉर्जिया राज्यातील मेकन गावच्या मुलींच्या कॉलेजात अशा प्रकारचे पहिले मंडळ निघाले. पुढे 1870 मध्ये इंडियानातील एका कॉलेजात कप्पा अल्फा थीटा निघाले. तिथे मुलींना प्रवेश मिळून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती आणि वर्गातल्या मुलांना त्या नकोशा होत्या. एकट्या पडलेल्या मुलींनी एकमेकींचा हात धरावा ह्यातून ही मंडळे वाढली. आज त्यांच्याभोवती पुष्कळ डामडौल जमला आहे, पण मूळ हे आहे.

प्रवेश मिळाला तरी राहावयाचे कोठे, हा प्रश्न होताच. अनेक विद्यापीठांनी मुलींना वर्गात घेतले, पण त्यांच्यासाठी छप्पर बांधले नाही. मुली गावात खाणावळवाल्या बाईंकडे भाड्याने राहत. 1886 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे अल्फा फाय मंडळाच्या मुलींनी स्वतःचे घर बांधले; भगिनीमंडळाने बांधलेले हे पहिले घर होय. अमेरिकेत स्त्रियांना देशभर मताचा अधिकार मिळाला तो 1920 मध्ये. म्हणजे मतपेटीपाशी पोहोचण्याच्या 34 वर्षे आधी ह्या मुली घराचा पाया घालून मोकळ्या झाल्या होत्या.

आता अशा घराच्या आत जाऊ. दार उघडले की मोठी ओसरी, तिच्या शेजारी बैठकीचा दिवाणखाना. तिथे पियानो, शेकोटी, उंच आरसे, आणि भिंतीवर दरवर्षीच्या सर्व सभासद मुलींची लहान लहान छायाचित्रे एकाच चौकटीत बसविलेली. पन्नास वर्षांच्या चौकटी ओळीने लागलेल्या असतात आणि नव्या मुली त्यांत आपली आई किंवा आजी शोधतात. हा दिवाणखाना दारालगत का? पूर्वी, म्हणजे 1960 च्या दशकापर्यंत, मुलींनी रात्री ठराविक वेळेच्या आत परतले पाहिजे, बाहेर जाताना वहीत नोंद केली पाहिजे असे नियम विद्यापीठांतच होते. भेटावयास आलेला पुरुष, मग तो भाऊ का असेना, दिवाणखान्यातच बसे. जिना चढण्यास त्याला मनाई. नियम पुढे सैल झाले, पण घराचा नकाशा तसाच राहिला. आपल्याला वाटते की परदेशात कोणालाच कसली चाड नाही. तिथल्या जुन्या घरांचा जिना पाहिला तर तो समज टिकत नाही. बहुतेक मंडळांच्या घरांत आजही दारू आणण्यास बंदी आहे.

दाराजवळच दुसरी खोली असते ती गृहमातेची. तिला आता गृहव्यवस्थापिका म्हणतात. ती तिथेच राहते, स्वयंपाकघर पाहते, दुरुस्त्या करवून घेते, आणि रात्री एखादी मुलगी रडत खाली आली तर तिला बसवून घेते. ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. अलीगढला शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम ह्यांनी 1906 मध्ये मुलींची शाळा काढली आणि 1914 मध्ये तिचे वसतिगृह सुरू झाले. भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम उद्‌घाटनाला आल्या होत्या. त्या काळी शरीफ घराण्यातील मुलगी दुसऱ्याच्या छपराखाली ठेवावयाची म्हणजे केवढी गोष्ट! पालकांचा विश्वास बसला तो वहीद जहाँ बेगम स्वतः मुलींची काळजी वाहत होत्या म्हणून. फाटकाचे कुलूप कितीही मोठे असले तरी त्याला मुलीचा ताप कळत नाही.

मुली एकत्र राहू लागल्या की लोक बोलतात, हेही काही आपल्याकडेच आहे असे समजू नका. अमेरिकेत कितीतरी विद्यापीठांच्या गावी एक वदंता ऐकू येते: अमुक संख्येपेक्षा अधिक स्त्रिया एका छपराखाली राहिल्या तर जुन्या कायद्याप्रमाणे ते घर बदनाम ठरते, म्हणून आमच्या गावात भगिनीमंडळांची घरे नाहीत! लोकांनी कायद्याची पुस्तके धुंडाळली; असा कायदा काही सापडला नाही. वदंता मात्र अजून चालूच आहे.

आता वरच्या मजल्यावर जाऊ, कारण खरा विचार तिथे दिसतो. मध्य-पश्चिमेकडील आणि वायव्येकडील, म्हणजे इंडियाना, ओरेगॉन, वॉशिंग्टन ह्या राज्यांतील अनेक जुन्या घरांत एक पद्धत आहे. झोपण्याची एकच मोठी सामाईक खोली असते. तिथे दुमजली खाटा ओळीने लावलेल्या, दिवे मंद, आणि खिडक्या थंडीतही उघड्या. हिला ‘कोल्ड डॉर्म’ किंवा ‘स्लीपिंग पोर्च’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी क्षयरोगाच्या भीतीने मोकळ्या हवेत झोपण्याची जी लाट आली, तिच्यातून झोपण्याच्या ह्या पडव्या निघाल्या. ह्या खोलीत चोवीस तास बोलावयाचे नाही. बोलणे, कपडे, पुस्तके, अभ्यास, हे सारे दुसऱ्या खोल्यांत. त्या खोल्या दोघी-तिघींना मिळून असतात. त्यांत प्रत्येकीचे टेबल, प्रत्येकीचे कपाट.

ह्यातील गुण तुमच्या लक्षात आला असेल. दहाला झोपणारी मुलगी आणि एकपर्यंत जागणारी मुलगी एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. आपल्या वसतिगृहांत भांडण बहुतेक वेळा दिव्यावरून होते. परीक्षेच्या दिवसांत एकीला दिवा हवा असतो, दुसरीला नको असतो, आणि शेवटी जी नमते घेते तिचे नुकसान होते. नमते घेणारी मुलगी कोणती असते हे शिक्षकांना विचारा. ती बहुधा खेड्यातून आलेली, घरातली पहिलीच शिकणारी असते. इंडियानाची थंड हवा आपल्याला नको, पण निजण्याची जागा आणि वाचण्याची जागा वेगळी करणे ह्याला फारसा पैसा लागत नाही. त्याच भिंती, त्याच खाटा. फक्त नकाशा काढताना विचार करावा लागतो.

खोलीचा विषय निघाला की मला आनंदीबाई जोशी आठवतात. 1883 मध्ये अठरा वर्षांच्या असताना त्या अमेरिकेस गेल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकल्या आणि मार्च 1886 मध्ये पदवीधर झाल्या. त्यांची हुशारी, त्यांचा निर्धार, नवऱ्याचा हट्ट, हे सगळे आपण शाळेत शिकवतो. त्यांच्या खोलीविषयी कोणी शिकवत नाही. तिथे मिळालेल्या खोलीतली शेकोटी नीट नव्हती. पेटविली की खोली धुराने भरे, न पेटवावी तर थंडी. धूर किंवा थंडी, दोहोंतून एक निवडावयाचे! त्या आजारी पडल्या आणि परतल्यावर 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारल्या. बावीस वर्षेही पुरी नव्हती. क्षयाचा सारा दोष एका शेकोटीवर टाकता येणार नाही, हवामान होते, अन्न होते. पण मुलीला शिकावयास धाडणे आणि तिला शिकता येईल अशी खोली देणे ह्या दोन गोष्टी आहेत, आणि पहिली झाली की दुसरी आपोआप होते असे नाही.

घरे आतून सजविणे हा धंदा म्हणून अमेरिकेत रूढ झाला तो बराचसा स्त्रियांच्याच इमारतींपासून. एल्सी डी वुल्फ नावाच्या बाई आधी नटी होत्या. न्यूयॉर्कमधील स्त्रियांच्या कॉलनी क्लबची आतली सजावट त्यांनी केली. तो 1907 मध्ये उघडला. जाड मखमली पडदे, काळपट लाकूड आणि कोपऱ्याकोपऱ्यात खेळणी-पुतळे अशी तेव्हाची श्रीमंती असे. बाईंनी ते सगळे काढून टाकले. फिकट रंग, फुलाफुलांचे सुती कापड, वेताच्या खुर्च्या आणि भरपूर उजेड आणला. त्याच सुमारास बार्नार्ड ह्या मुलींच्या कॉलेजच्या नव्या वसतिगृहाची सजावटही त्यांच्याकडे आली. वेताची खुर्ची आणि छापील सुती कापड! आपल्या घरात आहे म्हणून ज्याची आपण किंमत करीत नाही, तेच त्यांना मोठ्या घरांत नेऊन ठेवावेसे वाटले.

दुसरे नाव मला त्याहून मोलाचे वाटते, ज्युलिया मॉर्गन ह्यांचे. कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी स्थापत्य-अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, पॅरिसच्या प्रसिद्ध कलाशाळेत वास्तुविद्येसाठी प्रवेश मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, आणि 1904 मध्ये कॅलिफोर्नियाचा वास्तुशिल्पीचा परवाना मिळविणाऱ्याही पहिल्याच. विद्यार्थिदशेत त्या स्वतः कप्पा अल्फा थीटाच्या सभासद होत्या, आणि पुढे बर्कलेतील त्या मंडळाचे घर त्यांनीच आखले. ज्या मंडळात आपण वावरलो तिथल्या मुलींचे काय अडते हे त्यांना नकाशावाचून ठाऊक होते. वाय. डब्ल्यू. सी. ए. साठीही त्यांनी पुष्कळ इमारती केल्या. नोकरी करून पोट भरणाऱ्या मुलींच्या निवासाच्या नकाशात त्यांनी लहान लहान जेवणाच्या खोल्या दाखविल्या; हेतू हा की मुलीला आपल्या मैत्रिणीला किंवा घरच्या माणसाला बोलावून चार घास एकांतात वाढता यावेत. समितीतून आक्षेप आला की ह्या तुटपुंज्या पगाराच्या मुली, त्यांचे इतके लाड कशाला? मॉर्गनबाईंनी उत्तर दिले की तेच तर कारण आहे. अशी आठवण त्यांच्याविषयी सांगतात. आपल्या समितीत हा प्रश्न निघेल तेव्हा हे उत्तर कोणीतरी लक्षात ठेवावे अशी माझी विनंती आहे.

आतापर्यंत मी गुणच सांगितले. दोष झाकून ठेवणे शिक्षकाला शोभत नाही. दक्षिणेकडील अलाबामा विद्यापीठाजवळ भगिनीमंडळांची घरे राजवाड्यासारखी आहेत. पुढे पांढरे खांब, आत झुंबरे, संगमरवरी फरशा. 2021 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या मुलींच्या प्रवेशाच्या आठवड्याची चित्रे टिकटॉकवर जगभर गेली. तुमच्या मुलींनी ती पाहिली असतील. तुम्ही विचारले तर त्या दाखवतील. दोघींच्या खोलीसाठी आया सजावटकार नेमतात, खाटेच्या उशालगतची पाटी, पडदे, गालिचा सगळे एका रंगाचे. त्यात अभ्यासाचे टेबल पुष्कळदा आरशाचे टेबल होऊन बसते. आणि ह्याच विद्यापीठातील जुन्या गोऱ्या मंडळांनी एखाददुसरा अपवाद सोडला तर 2013 पर्यंत काळ्या मुलींना आत घेतले नव्हते. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्राने, गुणवत्ता असलेल्या मुलीला केवळ रंगामुळे नाकारले हे छापून बाहेर काढले, देशभर गवगवा झाला आणि मग दारे उघडली. विद्यापीठाच्या वर्गाचे दार 1963 मध्ये उघडले होते. वर्गापासून दिवाणखान्यापर्यंत पोहोचावयास मुलींना 50 वर्षे लागली!

ह्याच्या उलट आयोवाची हकीकत ऐका. आयोवा विद्यापीठ काळ्या मुलींना वर्गात बसू देई, पण आपल्या वसतिगृहात राहू देत नसे. तेव्हा त्या राज्यातील काळ्या स्त्रियांच्या क्लबांच्या महासंघाने 1919 मध्ये आयोवा सिटीत एक घर विकत घेतले. हे क्लब काही धनिकांचे नव्हते. गावोगावच्या बायकांनी वर्गणी जमवून, अनोळखी मुलींसाठी, ज्यांतल्या बहुतेक त्यांच्या नात्याच्या नव्हत्या, एक राहते घर उभे केले. विद्यापीठाच्या वसतिगृहाचे दार उघडले ते 1946 मध्ये. मधली सत्तावीस वर्षे तेथे शिकणाऱ्या कितीतरी काळ्या मुलींना हेच घर होते. त्या घरात झुंबर होते की नाही ह्याची कोणी चौकशी करीत नाही. ज्यांची मुलगी शिकून आली ते ह्या घराचे नाव घेत.

मुस्लिम मुलींनीही ह्या वाटेवर पाऊल टाकले आहे. 2005 मध्ये गामा गामा काय हे इस्लामी तत्त्वांवर आधारलेले भगिनीमंडळ अमेरिकेत निघाले. इतर धर्मांच्या मुलींनाही त्याचे दार खुले ठेवले. एका आईने आणि तिच्या मुलीने मिळून ते काढले, हे इथे बसलेल्या मातांनी ध्यानात घ्यावे.

आणखी दोन गोष्टी सांगतो आणि मग आपल्या नकाशाकडे वळतो. पहिली, आगीची. 12 मे 1996 रोजी सकाळी नॉर्थ कॅरोलायनातील चॅपेल हिल येथे मुलांच्या अशाच एका मंडळाच्या घराला आग लागून पाच विद्यार्थी दगावले. तो पदवीदानाचा दिवस होता. घरात पाण्याचे स्वयंचलित फवारे नव्हते. त्यानंतर त्या गावाने मुलांच्या आणि मुलींच्या, दोन्ही मंडळांच्या घरांत फवारे सक्तीचे केले. म्हणून खिडक्यांना गज बसवा, पण बाहेर पडण्याचा दुसरा जिना ठेवा, आणि त्याच्या दाराला बाहेरून कुलूप कधीही लावू नका. ह्या मुद्द्यावर मी कोणाशीही तडजोड करणार नाही.

दुसरी गोष्ट, मालकीची. अमेरिकेतील अनेक घरांत, शिकून गेलेल्या माजी सभासद स्त्रियांची एक नोंदणीकृत कंपनी असते. घर तिच्या मालकीचे. कर्ज त्या काढतात, छताची दुरुस्ती त्या करवितात, हिशेब त्या तपासून घेतात. आणि घरात एक खोली सभेसाठी राखलेली असते, बऱ्याचदा तळघरात. तिथे दर आठवड्याला मुली जमतात, अध्यक्षा निवडतात, खजिनदार निवडतात, वाद घालतात, मते मोजतात. मला विचाराल तर साऱ्या घरात हीच खोली मोलाची. आपल्या मुलींना भाषणस्पर्धेत बक्षिसे मिळतात. पण तीनशे रुपयांचा हिशेब चुकला म्हणून चारचौघींत उत्तर द्यावयाची सवय कोठे लागते?

आता आपला नकाशा. तळमजल्यावर जो मोठा दिवाणखाना दाखविला आहे, त्याचा निम्मा भाग पालकांच्या भेटीसाठी ठेवावा. ज्या बापाने एस.टी.ने चार तास प्रवास केला त्याला बसावयास खुर्ची आणि प्यावयास पाणी मिळाले पाहिजे. उरलेल्या निम्म्याची सभेची खोली करावी. त्यात महागडा सोफा नको. हलक्या खुर्च्या, एक फळा, पुस्तकांचे कपाट. वर निजण्याच्या दोन खोल्या आणि अभ्यासाच्या चार. प्रत्येकीला स्वतःचे टेबल, निदान तीन फूट रुंद, त्याला कुलपाचा खण, डोक्यावरच्या नळीशिवाय स्वतःचा दिवा, आणि प्लगची जागा. मोबाईल भरावयास रांग लागली की तेथे वाद होणारच. नमाजासाठी शांत खोली आणि तिच्यालगत वजूची जागा, ओटा बसता येईल इतक्या उंचीचा. आजारी मुलीसाठी एक खाट वेगळी. आणि ओले कपडे वाळविण्याची आडोशाची गच्ची. हे शेवटचे नकाशात मुळीच नाही. नकाशे काढणाऱ्या पुरुषांना कपडे आपोआप वाळतात असे वाटत असावे!

पडद्यांचा रंग, भिंतींचा रंग, टेबल खिडकीकडे तोंड करून की भिंतीकडे, हे मी सांगणार नाही आणि विश्वस्तांनीही सांगू नये. नकाशाची मोठी प्रत उद्या सकाळपासून शाळेच्या ग्रंथालयात भिंतीवर लावलेली असेल. शेजारी पेन्सिल दोरीने बांधून ठेवू. आठवीपासून पुढच्या सर्व मुलींनी येऊन आपल्याला काय हवे, काय नको ते त्यावर लिहावे. नाव लिहिले नाही तरी चालेल. मातांनीही यावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मुलीला सांगून लिहवून घ्यावे. पंधरा दिवसांनी तो कागद जसाच्या तसा समितीच्या सभेपुढे ठेवला जाईल.